विणेकरी मागून का चालतो

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेलं भाषण)





आज आम्ही कीर्तनाला उभे नाही. मागे टाळकरी नाहीत, म्हणून अभंगही लावत नाही. मंडळाने सांगितलं, बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, जबाबदारीवर आणि पुढारपणावर चार शब्द बोला. आमचं शिक्षण चौथी. पुढारपण कसं करावं याच्यावर जाड जाड पुस्तकं आहेत असं नातू सांगतो. ती आम्ही वाचलेली नाहीत. पण ह्या दिंडीत आम्ही पोरवयापासून चालतोय, आणि चालता चालता जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगणार आहोत.

पहिली गोष्ट. आपली दिंडी कशी चालते ते डोळ्यापुढे आणा. सगळ्यात पुढे पताका. त्याच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग. त्याच्यामागे विणेकरी. विणेकऱ्याच्या मागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया, आणि मग बाकीचा समाज. आता दिंडीत मोठा कोण? विणेकरी. अभंग कोणता घ्यायचा, कुठे थांबायचं, कुणाला पुढे गायला लावायचं, हे विणेकरी ठरवतो. सगळ्यांनी पाया पडायचं ते विणेकऱ्याच्या. आणि तो चालतो कुठे? टाळकऱ्यांच्या मागे.

लग्नाची वरात असती तर मोठा माणूस पुढे असता. मोर्चा असता तर पुढारी पहिल्या रांगेत असता, फोटोत यायला. आपल्याकडे पुढे पताका असते, आणि पताकेवर कुणाचं नाव नसतं. आम्ही लहानपणी एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांना विचारलं होतं, बाबा, तुम्ही मोठे, मग मागे का? ते म्हणाले, "पुढं चालणाऱ्याला रस्ता दिसतो रे, माणसांचे पाय दिसत नाहीत." एवढंच बोलले आणि चालू लागले.

त्याचा अर्थ माळशेज घाटात कळतो. शहापूरकडची मंडळी किन्हवलीवरून सरळगावला येतात, मुरबाडची तिथे मिळतात, मग टोकावडे, मोरोशी करत आपण घाटाला लागतो. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मधून नगरकडचे ट्रक. पुढे चालणारा जोरात असतो, त्याला वाटतं सगळे आपल्यासारखेच चालतात. मागच्याला दिसतं की अमक्या मावशीच्या टाचेला भेग पडली, तमक्या पोराच्या चपलेचा अंगठा तुटला, एक म्हातारा दम घ्यायला कठड्याला टेकला. मागून चालणारा अभंगाची चाल हळू धरतो, की सगळ्या दिंडीची चाल हळू होते. तो ओरडत नाही, कुणाला रागे भरत नाही. पुढारपण आम्हाला तिथे कळलं. सगळ्यात हळू चालणारा ज्याच्या नजरेत असतो, तो पुढारी.

दुसरी गोष्ट. आपली दिंडी आषाढीला का जात नाही, कार्तिकात आळंदीला का जाते, हे नव्या पोरांना सांगायला पाहिजे. घाटावरचा शेतकरी पेरणी करून आषाढीला निघतो. आपल्याकडे त्याच वेळी आवणी असते. राबातली रोपं हातभर झालेली, खाचरात चिखल झालेला, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. त्या पंधरा दिवसांत घरचा माणूस पंढरीला गेला तर वर्षभर पोरांनी खायचं काय? म्हणून आपल्या वाडवडिलांनी आळंदीची कार्तिकी धरली. भात कापलं, झोडलं, कणगीत गेलं, की पाऊल उचलायचं.

लोक म्हणतात, देवापेक्षा शेत मोठं झालं का? आम्ही म्हणतो, हे देवानेच शिकवलंय. पुंडलिकाच्या दारात देव आला तेव्हा पुंडलिक आईबापाचे पाय चेपत होता. त्याने देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. देवही रागावला नाही, थांबला, अजून उभा आहे. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं सांगतात, आणि आज बघा, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते. हातातलं काम टाकून आलेल्या भक्तापेक्षा काम पुरं करणारा भक्त देवाला आवडतो, हा आपल्या संप्रदायाचा पाया आहे.

आणि त्यातूनच ह्या दिंडीत एक चाल पडली होती, ती आता विसरत चालली आहे. निघायच्या आधी चार दिवस प्रत्येक गावचे वारकरी आपल्या गावात बघायचे, कुणाचं भात अजून खळ्यावर आहे. बाई एकटी असेल, माणूस आजारी असेल, तर आधी सगळे मिळून तिचं भात झोडून द्यायचे. पेंढा रचून द्यायचे. मग टाळ हातात घ्यायचे. आमच्या आजोबांच्या वेळी ज्याने शेजाऱ्याचं खळं तसंच ठेवलं, त्याला दिंडीत टाळ मिळत नसे. त्याला चालायला मनाई नव्हती, पण टाळ नाही. आता मजूर लावून, मळणीचं यंत्र लावून काम होतं. चांगली गोष्ट आहे. पण यंत्राला पैसे नसलेली घरं अजून गावात आहेत. त्यांच्या खळ्यावर कोण जातं?

आता तिसरी गोष्ट, वाट्याची. तुकोबारायांची हकिगत सगळ्यांना माहीत आहे. घरी सावकारी होती, लोकांची खतं होती. मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांना ती खतं नकोशी झाली. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. भाऊ कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून त्यांना दिला. आपल्या वाट्याची खतं तेवढी इंद्रायणीत बुडवली. भावाची बुडवली नाहीत. भावाला म्हणाले नाहीत की तूही बुडव.

आम्ही ह्या गोष्टीवर कीर्तन करतो तेव्हा लोकांना कागद बुडवल्याचं कौतुक वाटतं. आम्हाला वाटणीचं जास्त वाटतं. दुसऱ्याच्या पैशावर दानशूर होणं सोपं आहे. दुसऱ्याच्या पोराला उपदेश करणं सोपं आहे. आपला वाटा कुठे संपतो ते ओळखायचं आणि तेवढ्यात कसूर करायची नाही, हे अवघड. व्यसनमुक्तीवर तासभर बोलणारा बुवा मंडपामागे तंबाखू मळत असेल तर पोरं बुवाचं ऐकत नाहीत, बुवाच्या हाताकडे बघतात.

कीर्तनकारांबद्दल बोललो म्हणून हेही बोलून टाकतो, आमचीच जात आहे ती. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये ही तुकोबारायांची शिकवण. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती पैसे कमवायला नाही. पोरांनी ज्ञानेश्वरी, गाथा शिकावी आणि ते गावोगावी न्यावं म्हणून काढली. सोनोपंत दांडेकर मामा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले, केळवे-माहीमकडचे. पुण्याला कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, पण वारी सोडली नाही आणि कीर्तन सोडलं नाही. आणि आज काय चाललंय? काही ठिकाणी आधी पाकिटाचा आकडा ठरतो, मग अभंग ठरतो. गाडीभाडं घ्यावं, मृदंगवाल्या पोराला त्याची बिदागी द्यावी, त्याच्या घरी चूल आहे. पण गरीब गावाने आकडा ऐकून सप्ताह बंद ठेवावा, अशी वेळ आपण आणू नये. आम्ही शेतावर जगतो आणि कीर्तनाला जाण्यायेण्याच्या खर्चापलीकडे घेत नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ज्याच्या पोटाला शेत आहे त्याला हे जमतं, आणि जमतं त्याने तरी करावं.

आता आपल्या मातीतल्या एका माणसाचं नाव घेतो. तो वारकरी होता म्हणून नाही, त्याने वाट्याचं काम केलं म्हणून. भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. नावातच विठ्ठल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला नाभिक समाजाच्या गरीब घरात जन्म. शिकून वकील झाले. वकिली करून शहरात सुखाने राहिले असते. पण कर्जत भागातला शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात सावकाराच्या दारात धान्याला जातो आणि पीक आलं की दुप्पट देऊन बसतो, हे त्यांनी बघितलं. म्हणून त्यांनी धान्याची कोठारं काढली. सुगीत धान्य जमवायचं, अडचणीत गरजवंताला द्यायचं. भाषण नंतर, आधी कणगी.

मग १९४२ ची चळवळ आली. भाई भूमिगत झाले, त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पकडायला सरकारने बक्षीस लावलं. आणि २ जानेवारी १९४३ ला आपल्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या जंगलात, पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचं वय तीस. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जातात, मशाली घेऊन. आम्हीही गेलो आहोत. तिथे उभं राहिलं की एकच विचार येतो. हा माणूस दुसऱ्याला पुढे करून आपण घरी बसला नाही. पोरांना जंगलात पाठवलं तर स्वतः जंगलात राहिला. आपल्या आसपास पुढारी पुष्कळ आहेत, त्यातले किती जण कार्यकर्त्याबरोबर उपाशी राहतात, ते तुम्हीच मोजा.

आता कुणी म्हणेल, बुवा, तो काळ गेला, आता सगळं सरकारने करायचं. सरकारने करायलाच पाहिजे. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, ती १८९२ पासून मुंबईला पाणी देते. भातसा आहे. धरणं आपल्याकडे, आणि चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आपल्याच बाया. हा अन्याय आहे, आणि तो बोलून दाखवायला आम्ही कुठे घाबरत नाही. अर्ज करा, मोर्चा काढा, आम्ही टाळ घेऊन येऊ. पण आमच्या शेजारच्या पाड्यावरची जुनी विहीर गाळाने भरली होती. अर्ज देऊन दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या वीस-पंचवीस जणांनी दोर लावला, पाट्या भरल्या आणि आठ दिवसांत गाळ काढला. वैशाखात तिथे दोन हात पाणी राहिलं. अर्ज अजूनही चालू आहे, तो मागे घेतलेला नाही. हक्क मागायचा तो मागायचा, आणि हाताने होतं ते आज करायचं. एकामुळे दुसरं सोडायचं नाही.

आता असल्या विषयाकडे येतो. उद्या काल्याचा प्रसाद झाल्यावर बैठक आहे. तिथे दोन प्रश्न येणार आहेत, सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी उघड बोलत नाही. आम्ही म्हातारे झालो, आमचं कुणी काय वाकडं करणार, म्हणून आम्ही बोलतो.

पहिला प्रश्न. एका गृहस्थांनी दिंडीला नवा टेम्पो देऊ केलाय, सामान वाहायला. जमिनीच्या व्यवहारात त्यांनी चांगलं कमावलंय. अट एवढीच की टेम्पोवर त्यांचा फोटो, आणि दिंडीच्या पुढे त्यांच्या नावाचा मोठा फलक. तरुण मंडळी म्हणतात, काय बिघडलं? टेम्पो मिळतोय, म्हाताऱ्यांची सोय होतेय. त्यांचं म्हणणं खोटं नाही. सामान डोक्यावर वाहून आमची मान मोडलेली आहे.

पण आम्ही एक विचारतो. आपल्याकडे घरटी तांदूळ जमवतात, कुणी पायली देतं, कुणी शेर देतं, कातकरी वाडीवरची आजी ओंजळभर देते. सगळं एकाच पोत्यात पडतं. भात शिजल्यावर कुणाचा दाणा कुठला ते कळतं का? कळत नाही, म्हणूनच त्या पंगतीत सगळे ताठ मानेने बसतात. टेम्पोवर नाव आलं की आजीच्या ओंजळीवर का नको? आणि एकदा फलक पुढे आला की पताका मागे गेली. पुढच्या वर्षी दुसरा येईल, मोठा फलक आणील. निवडणूक आली की आणखी येतील. मग विणेकरी कुणाकडे बघून चाल धरणार?

म्हणून आमचं मत असं की टेम्पो घ्यावा, मान देऊन घ्यावा, त्या गृहस्थांना नारळ द्यावा, दिंडीत चालायला बोलवावं. फोटो आणि फलक नको. ते राजी झाले तर त्यांच्यासारखा वारकरी नाही. राजी नाही झाले तर घरटी पन्नास-शंभर जमवून भाड्याचा टेम्पो करू. आम्ही आमचे पहिले देतो. आणि पैशाचं काहीही ठरलं तरी हिशोब बारस सोडताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आमच्या लहानपणी हिशोब ठेवणाऱ्या बाबांना लिहिता येत नव्हतं, भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या. येणारा जाणारा मोजून घ्यायचा. आता वही आहे, मोबाईल आहे, मग लपवायचं कशाला?

दुसरा प्रश्न विणेचा. सप्ताहात वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही. पहारे वाटलेले असतात. रात्री दोनचा पहारा ज्याचा, तो थंडीत उठून येतो, आधीच्याच्या पाया पडतो, आणि उभ्या उभ्या वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याला झोप लागली आणि जो आला नाही, त्याच्यासाठी आधीचा उभा राहतो. पण पहारा संपला, दुसरा समोर आला, तरी वीणा सोडत नाही असा कुणी बघितलाय का? नाही ना? मग वर्षानुवर्षं तेच ते अध्यक्ष, तेच खजिनदार, तेच मानकरी, हे कसं चालतं? आम्हीही त्याच वयाचे आहोत, हे आम्हालाही लागू आहे.

पोरं दिंडीत येत नाहीत अशी तक्रार ऐकतो. पोरं भिवंडीच्या गोदामात आहेत, आसनगावहून लोकल धरून मुंबईला आहेत, कंपनीत बारा तास आहेत. त्यांना दहा दिवस रजा मिळत नाही. पण त्यांना दोन दिवसांचं काम दिलंय का आपण? फक्त चला म्हणतो. मुक्कामाची जबाबदारी द्या, औषधाच्या पेटीची द्या, घाटात ट्रकला हात दाखवून थांबवायची द्या. लेकी चांगल्या गातात, त्यांना चाल द्या. ज्याच्या अंगावर काम पडतं तो येतो, रजा काढून येतो.

हैबतबाबा आरफळकरांचं नाव आपण रोज घेतो. साताऱ्याकडचे, आरफळचे. शिंद्यांच्या पदरी असलेला माणूस. आज ज्ञानोबारायांची पालखी ज्या थाटात चालते, तो थाट १८३२ च्या सुमारास त्यांनी बसवला. दिंड्यांचा क्रम, घोडे, मुक्काम, शिस्त. एवढा मोठा सोहळा उभा केला, आणि त्यांची जागा आळंदीला कुठे आहे? महाद्वाराच्या पायरीशी. कार्तिकीची सुरुवातच त्या पायरीच्या पूजेने होते, आणि मग लाखो माणसं त्यांना ओलांडून आत जातात. ज्याने सगळं उभं केलं तो दारात राहिला.

त्यांच्याच सोहळ्यातली एक रीत सांगतो. आषाढीला मुक्कामी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड वर करतात आणि एवढ्या समुदायाचे टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीवर अन्याय झाला असेल तर ती टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. मग चोपदार त्या टाळाच्या आवाजाकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा करतात, तेव्हा तो टाळ थांबतो. लाखाच्या गर्दीत पाच-पन्नास माणसांचं गाऱ्हाणं राहिलं तर आरती थांबते. आपल्या उद्याच्या बैठकीत एखाद्या बाईने, एखाद्या वाडीवरच्या पोराने टाळ वाजवत ठेवला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याजवळ जा.

शंभर वर्षं दिंडी चालली ती कुणा एकाच्या बळावर नाही. प्रत्येकाने आपला पहारा उभ्याने काढला आणि वेळेवर पुढच्याच्या गळ्यात वीणा घातली. विणेकरी बाबांची परवानगी घेऊन सांगतो, यंदाच्या कार्तिकीला घाट चढून मढला पोचलो की दिंडीची वीणा तिशीच्या आतल्या एखाद्याच्या गळ्यात घालावी, आणि तिथून आळंदीपर्यंत आम्ही म्हाताऱ्यांनी त्याच्या मागे समाजात चालावं. चुकला तर हळूच सांगावं. उद्याच्या बैठकीत आम्ही हेच मांडणार आहोत. पटलं तर हात वर करा, नाही पटलं तर टाळ वाजवा, आम्ही ऐकायला येऊ.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.